शुगर एकाला, पण ताट ठरवतं सगळं घर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

डायबेटिसवर पेपरात नेहमी काही ना काही छापून येतं पण बहुतेक वेळा सगळा रोख पेशंटवरच असतो, हे खा, ते टाळा, जिभेवर ताबा ठेवा. अहो पण ताटात काय पडणार हे त्या एकट्याच्या हातात असतं का?

जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसाला निदान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खाव्यात, आणि त्यात बटाटा धरायचा नाही. घरात चार-पाच माणसं असली तर रोजचे दीड-दोन किलो झाले. ते आणायचं कोणी, निवडायचं-चिरायचं कोणी आणि पैसे कुठून काढायचे? पोट धान्याने स्वस्तात भरतं, भाजीने नाही, म्हणून हात आखडला की आधी फळं बंद होतात मग भाजीत रस्सा वाढतो. आणि शुगर स्वयंपाक करणाऱ्या बाईलाच असेल तर अजून वाईट, सगळ्यांना वाढून झालं की पातेल्याच्या तळाशी जेवढी उरेल तेवढी तिची भाजी, तिचा डायट चार्ट फ्रीजवर चिकटवलेला असतो पण तो वाचायचा फक्त तिनेच. एकटे राहणारे म्हातारे लोक तर भाजी आणायलाच कंटाळतात, एकट्यापुरती आणली तरी अर्धी सडते, त्यात दात नसले की कच्चं काही चावत नाही. नाईट शिफ्टवाल्यांना कॅन्टीनमध्ये जे असेल तेच.

दुसरं म्हणजे घरच्यांना वाटणारी भीती. चारचौघांत पेशंटने फळाला हात लावला की कोणीतरी लगेच म्हणणार, "तुला शुगर आहे ना, ठेव ते!" माणूस इतका ओशाळतो की पुढे फळाकडे बघतच नाही. आणि तो आजारी पडला की हेच लोक त्याला ग्लासभर ज्यूस देतात! खरं तर उलट आहे, अख्ख्या फळात फायबर (चोथा) असतं त्यामुळे साखर रक्तात हळूहळू जाते, गाळलेल्या ज्यूसमध्ये फायबर जवळजवळ उरतच नाही आणि शुगर पटकन चढते (शुगर एकदम खाली गेली असेल तेव्हा ज्यूस द्यावा, ती गोष्ट वेगळी). प्रमाणात अख्खं फळ बहुतेक पेशंटना चालतं, फक्त किडनीचा त्रास असेल तर कुठलं आणि किती ते डॉक्टरांना विचारूनच.

माझं म्हणणं एवढंच आहे की डॉक्टर आणि डायटिशियननी चार्ट हातात देण्याआधी दोन मिनिटं विचारावं, घरी स्वयंपाक कोण करतं, बाजार कोण आणतं, महिन्याला भाजीवर किती खर्च झेपतो, जेवायला सोबत कोणी असतं का? आणि जो स्वयंपाक करतो त्यालाही समोर बसवून सांगावं. घरच्यांनी पण पेशंटसाठी वेगळी वाटी काढण्यापेक्षा सगळ्यांच्याच ताटात भाजी वाढवावी, म्हणजे त्याला आपण आजारी म्हणून बाजूला पडलोय असं वाटणार नाही. तुम्ही आरोग्याच्या पानावर पुढचा लेख पेशंटसाठी न लिहिता त्याच्या घरच्यांसाठी लिहून घ्याल का?

आपली,
एक नियमित वाचक