गुलाबी मेणबत्तीच्या रविवारी घरी या

संपादक महोदय,

डिसेंबर लागला की वर्तमानपत्रांत केकच्या दुकानांचे आणि रोषणाईचे फोटो छापून येतात. वसईतल्या ज्या घरांत नाताळचा फराळ अजून घरी होतो, तिथली अडचण त्या फोटोंत दिसत नाही. घर भरतं २४ तारखेच्या संध्याकाळी, काम मात्र त्याआधीच्या पंधरा दिवसांचं असतं. मुंबई-पुण्याला किंवा आखातात गेलेली भावंडं मुलाबाळांसह येतात तोवर थोरल्या घरातल्या दोन-तीन बायकांचे हात थकून गेलेले असतात. पुढच्या वर्षी त्या कलकल, म्हणजे शिंपल्यासारखे वळून तळलेले गोड तुकडे, विकत आणतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. म्हणून नातेवाइकांना कळकळीची विनंती, एक रविवार आधी या.

कोणता रविवार, तेही ठरलेलंच आहे. नाताळाच्या तयारीच्या आगमनकाळातल्या चार रविवारांपैकी तिसऱ्याला गुलाबी मेणबत्ती लागते. तो नेहमी ११ ते १७ डिसेंबरच्या दरम्यान येतो, म्हणजे नाताळला आठ ते चौदा दिवस उरलेले असतात. तळून घट्ट झाकणाच्या डब्यात भरलेल्या कलकलांना एवढा अवधी काहीच नाही. त्याच दिवशी मुलांकडून येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यासाठी नाचणी पेरून घ्यावी. रात्रभर भिजवलेली नाचणी उथळ ताटातल्या ओल्या मातीवर पसरायची आणि पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही. पाणी साचलं की बी कुजतं आणि बुरशी धरते. नाताळपर्यंत हिरवळ बोटभर वर येते.

माणसं खरी लागतात ती कलकलांना. एक किलो मैद्याला २०० ग्रॅम बारीक रवा, २५० ग्रॅम पिठीसाखर, १०० ग्रॅम तूप, दोन अंडी, चमचाभर मीठ आणि एका नारळाचं दाट दूध लागेल तसं. दूध एकदम ओतू नका. रवा अर्ध्या तासाने पाणी ओढतो आणि मग पिठाचा खरा अंदाज येतो. पीठ पुरीच्या पिठापेक्षा थोडं सैल असावं आणि सतत ओल्या फडक्याखाली राहावं. बोराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा कोऱ्या फणीवर अंगठ्याने पातळ दाबायची आणि खालून वर गुंडाळत आणायची, की शिंपल्यासारख्या रेघा उमटतात. एकट्या बाईला यात अख्खी दुपार जाते. सहा-सात जण परातीभोवती बसले तर गप्पा संपायच्या आत गोळा संपतो. आठ वर्षांचं मूलही हे शिकतं, आणि पुरुषांनाही न जमण्यासारखं यात काही नाही.

कलकल बिघडतात ते बहुतेक ठरावीक कारणांनी. कोरडं पीठ लावून वळले तर जोड तेलात सुटतो आणि खाली बसलेलं पीठ जळून तेल काळं होतं. त्याऐवजी काट्याला तुपाचं बोट लावा. मोहन कमी पडलं तर दातांना न फुटणारा खडा होतो. जास्त झालं तर कलकल तेलातच विरघळल्यासारखे फुटतात, म्हणून आधी चार तळून पाहावेत. आच मोठी असेल तर साखरेमुळे रंग पटकन चढतो, आत कच्चं राहतं आणि दुसऱ्या दिवशी मऊ पडतं. तेलात टाकलेला पिठाचा कण आधी खाली जाऊन मग सावकाश वर आला पाहिजे. तळलेले कलकल कागदावर पसरून पूर्ण गार होऊ द्या. कोमट असताना डबा लावला की वाफेने सगळी मेहनत वाया जाते.

करंज्यांत त्या दिवशी सुक्या खोबऱ्याचंच सारण भरावं. ओल्या नारळाच्या करंज्या चवीला सरस, पण दोन दिवसांपलीकडे त्यांचा भरवसा नाही. त्या २४ तारखेलाच कराव्यात.

गोव्यात आणि गोव्याशी सोयरीक असलेल्या घरांत दोदोल हा गोड पदार्थ असतो. अर्धा किलो तांदळाच्या पिठाला किलोभर माडाचा काळा गूळ आणि चार-पाच नारळांचं दूध. गूळ विरघळवून गाळून घ्या, त्यात कचरा असतो. जाड बुडाच्या भांड्यात दीड-दोन तास हात न थांबवता ढवळावं लागतं. इथे पाळ्या लावा. पाळी बदलताना दुसऱ्याने उलथनं धरल्याशिवाय पहिल्याने सोडू नये. तेवढ्यात बुडाला लागतं आणि करपट वास सगळ्या भांड्यात पसरतो. कडेने नारळाचं तेल सुटून गोळा एकजीव फिरू लागला की उतरवायचा. आधी उतरवलेल्या दोदोलला आठवड्यात बुरशी येते.

२४ तारखेला फार काही ठेवू नका. मैदानातली मिस्सा, म्हणजे नाताळची सामूहिक उपासना, लाउडस्पीकरच्या वेळेमुळे बऱ्याच धर्मग्रामांत (चर्चच्या हद्दीत) रात्री दहाच्या आत संपते आणि वीस माणसं एकदम भुकेली घरी येतात. सोरपोतेल, म्हणजे डुकराच्या मांसाचं व्हिनेगर घातलेलं कालवण, २२ तारखेला शिजवून ठेवावं. व्हिनेगर मुरल्यावर तिसऱ्या दिवशी त्याला खरी चव येते. ते फ्रिजमध्ये ठेवा आणि वाढायच्या आधी खळखळून उकळा. फुगे, म्हणजे तळलेले गोल पाव, मात्र त्याच दिवशीचे हवेत. नारळाचं दूध, अंडी आणि यीस्ट घालून भिजवलेलं पीठ डिसेंबरच्या गारव्यात हळू चढतं, म्हणून दुपारीच भिजवून चुलीजवळच्या उबेत झाकून ठेवा. तेल खोल आणि चांगलं तापलेलं असावं. मुठीतून अंगठा आणि तर्जनीच्या मधून पीठ वर काढून तेलात सोडायचं. कमी तापलेल्या तेलात फुगा फुगत नाही, नुसता तेल पितो.

शेवटी शेजाऱ्यांची ताटं. दिवाळीचा फराळ ज्या घरांतून आपल्याकडे येतो, त्यांपैकी काहींना अंडं चालत नाही. त्यांच्यासाठीचे कलकल अंड्याऐवजी थोडं जास्त नारळाचं दूध घालून, कोऱ्या तेलात, सगळ्यात आधी तळावेत आणि वेगळ्या डब्यावर नाव लिहून ठेवावेत. ताट भरताना कलकल खाली आणि करंज्या वर ठेवा, नाहीतर करंज्यांचे काठ मोडतात.

कळावे.

आपले वाचक,
वसई