मंजू, एकाच गावात राहू या

लेस्टर, 11 जानेवारी 2026

प्रिय मंजू,

तू पाठवलेला तुर्कस्तानच्या टूरचा तक्ता नीट वाचला. इस्तंबूल, कपाडोकिया, पामुक्कले, अंताल्या आणि परत, सगळं आठ दिवसांत. मला तो पसंत नाही, आणि हे तुला नाही सांगायचं तर कुणाला? कबीर पाच वर्षांचा आहे. त्याला रोज पहाटे उठवून गाडीत बसवायचं, रोज नव्या हॉटेलात बॅगा उघडायच्या, आणि ज्या समुद्रासाठी मुलं नाचतायत तो शेवटच्या दिवशी दोन तास! त्यापेक्षा फेथिये या समुद्रकाठच्या गावी मुक्काम करू. जे बघायचं ते तिथूनच बघू आणि संध्याकाळी आपल्याच खोलीत परतू.

तारखा सहज जुळतात. मेच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या शाळांना सुटी असते, तुमच्या तर जूनच्या मध्यापर्यंत बंदच. जुलै-ऑगस्टचं भाजणारं ऊनही तेव्हा नसतं. फक्त यंदा 27 मेपासून तिकडे कुर्बान बायराम आहे, म्हणजे आपण बकरी ईद म्हणतो ती. त्या सुटीत तिथली कुटुंबंही समुद्राकडे धाव घेतात, त्यामुळे राहायची जागा आणि विमानं आत्ताच धरायला हवीत. तुम्ही मुंबईहून इस्तंबूल आणि तिथून दालामानचा विमानतळ गाठा. दालामानहून फेथिये गाडीने तासाभरावर आहे. व्हिसाचं मात्र लगेच बघ. ब्रिटन, अमेरिका, आयर्लंड किंवा युरोपातल्या शेंगेन देशांचा चालू व्हिसा किंवा निवास परवाना नसेल तर भारतीय पासपोर्टवर ई-व्हिसा मिळत नाही, रीतसर अर्ज करावा लागतो.

आता समुद्राविषयी, कारण खरी काळजी तिथेच घ्यायची. फेथियेजवळच्या ओल्युदेनिझचे फोटो तू पाहिलेच असशील. पण तिथे दोन वेगवेगळे किनारे आहेत. बेलजेकिझचा मोठा किनारा खड्यांचा आहे आणि चार पावलांत पाणी खोल होतं. कबीरला मी तिथे उतरू देणार नाही. त्याच्या शेजारीच कुमबुर्नूच्या वाळूच्या जिभेमागे लगून आहे, म्हणजे समुद्राला जोडलेलं तळंच. आत जायला तिकीट पडतं, पण पाणी संथ, कडेला उथळ, आणि लाटा जवळजवळ नाहीतच. मुलांना दिवसभर तिथेच खेळू दे. वर 1,969 मीटर उंचीच्या बाबादाग डोंगरावरून पॅराग्लायडरवाले उडत येतात आणि किनाऱ्यावर उतरतात. ओवी मान वर करूनच बसेल बघ. सगळ्यांसाठी पाण्यात चालणारे रबरी बूट मात्र नक्की आण, अनवाणी पायांना ते खडे सोसत नाहीत.

एक पूर्ण दिवस दाल्यानसाठी ठेवला आहे, आणि तो ओवीसाठी आहे. वेळासला तुम्ही तिला ऑलिव्ह रिडलेची पिल्लं दाखवलीत, तेव्हापासून ती कासवांशिवाय दुसरं बोलत नाही ना? दाल्यानहून होडी बोरूच्या बेटांमधून, कड्यात कोरलेल्या प्राचीन थडग्यांसमोरून इझ्तुझूच्या किनाऱ्याला नेते. साडेचार किलोमीटर वाळू, पाणी दूरपर्यंत उथळ. तिथे लॉगरहेड कासवं अंडी घालायला येतात, म्हणून त्या हंगामात रात्री किनारा माणसांना बंद असतो. मेमध्ये पिल्लं दिसणार नाहीत, हे तिला आधीच सांगून ठेव. पण जखमी कासवांचं उपचार केंद्र किनाऱ्यालगतच आहे. 1980 च्या दशकात याच वाळूवर मोठं हॉटेल उभं राहणार होतं. किनाऱ्यावरच्या झोपडीत राहणाऱ्या जून हेमॉफ या इंग्रज बाईंनी इतरांना सोबत घेऊन ते थांबवलं, आणि 1988 मध्ये तो भाग संरक्षित झाला. ही गोष्ट मी ओवीला होडीत सांगणार आहे. ती मला सांगायची आहे, तू आधी सांगू नकोस!

कायाकॉय या ओसाड गावाला जावं की नाही, हे मी आईंवर सोडते. डोंगरउतारावर शेकडो दगडी घरं, छपरं गेलेली. 1923 च्या लोकसंख्येच्या अदलाबदलीत इथल्या ग्रीक ख्रिश्चनांना ग्रीसला जावं लागलं आणि तिकडच्या मुसलमानांना इकडे यावं लागलं. आईंचे वडील 1947 साली कराचीतलं घर कुलूप लावून निघाले होते. त्या घराविषयी आई अजून बोलतात. कदाचित त्यांना त्या गावात थोडा वेळ बसावंसं वाटेल, कदाचित अजिबात नाही. तू विचारशील? माझ्यापेक्षा तुझ्याजवळ त्या मोकळेपणाने बोलतील.

आईंच्या जेवणाची चिंता नको. स्वयंपाकघर असलेली जागाच घेऊ, कुकर मी आणते. मंगळवारी फेथियेत मोठा बाजार भरतो. टोमॅटो, वांगी, चीज, ऑलिव्ह, जे हवं ते घेऊ. पालक किंवा चीज भरलेली गोझलेमे तव्यावर समोर भाजून देतात, आणि आयरान म्हणजे खारं ताकच. फक्त मसूरच्या सूपमध्ये मांसाचं पाणी नाही ना, ते प्रत्येक ठिकाणी विचारायचं.

इस्तंबूल राहील याची हळहळ मलाही आहे. परतीच्या वाटेवर तिथे दोन रात्री ठेवल्या तर? आयासोफियाची जुनी मशीद आणि बॉस्फरसच्या सामुद्रधुनीतली बोट, बस, बाकी काही नाही. यावर तुझं आणि समीरचं मत कळव. जागा मी बंदराजवळ शोधते आहे, खालच्या मजल्यावरची, म्हणजे आईंना जिने नकोत. पाचही पासपोर्टांच्या मुदती पाहून रविवारपर्यंत मला पाठव.

तुझीच,
शुभा