रक्कम मंजूर झाली, लादीचं काय?

माननीय नगरविकासमंत्री, गोवा सरकार, यांस
सप्रेम नमस्कार.

तीन वर्षांपूर्वी चवथीच्या आदल्या दिवशी आई माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांचं, सामान आणायला बाजारात गेली. गटारावरची लादी मोडलेली होती, वर कुणीतरी पुठ्ठा टाकला होता. आई कमरेपर्यंत आत गेली आणि खुब्याचं हाड मोडलं. गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) शस्त्रक्रिया झाली, पण आजही तिला काठीशिवाय चालता येत नाही.

आम्ही पालिकेवर निष्काळजीपणाचा दावा लावला. प्रकरण लोकअदालतीत गेलं, पालिकेच्या वकिलांनी रक्कमही कबूल केली. मात्र पालिका मंडळाच्या, म्हणजे नगरसेवकांच्या सभेच्या, ठरावाशिवाय सही करता येत नाही, असं ते म्हणाले. ते मला पटलं. पैसा घरपट्टीचा आहे, तो कुणा एकाच्या मर्जीने जाऊ नये. पण त्या ठरावाला सात महिने लागले. एकदा गणपूर्ती झाली नाही, मग आचारसंहिता, मग मुख्याधिकाऱ्यांची बदली.

ठराव झाला त्या दिवशी मी सभागृहात मागे बसलो होतो. ऐनवेळच्या विषयांत तो घेतला. दावा क्रमांक वाचला, रक्कम वाचली, ‘मंजूर’ झालं. गटाराचा उल्लेख नाही, लादीचा नाही. ती मोडल्याची तक्रार आधी आली होती का, कंत्राटदाराची दुरुस्तीची मुदत संपली होती का, एकाही नगरसेवकाने विचारलं नाही. मला उठून विचारावंसं वाटत होतं, पण बोलायची परवानगी नव्हती. तडजोडीच्या मसुद्यात ‘याची कुठे वाच्यता करू नये’ अशीही अट होती. ती आम्ही खोडायला लावली, म्हणून हे पत्र लिहिता येतंय.

तडजोडीला माझा विरोध नाही. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील होत नाही, कोर्ट फीही परत मिळते. दिल्लीत चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा १९५१ साली कोसळून माणसं दगावली. महापालिकेची जबाबदारी सर्वोच्च न्यायालयात पक्की व्हायला १९६६ उजाडलं. आईच्या वयाच्या माणसाला एवढा धीर कुठून येणार? पण खटला चालला की चूक कुणाची ते निकालपत्रात येतं, तडजोडीत येत नाही. ते विचारायची जागा मग एकच उरते, मंडळाची सभा. तिथेही कुणी विचारलं नाही, तर पैसे लोकांचे जातात आणि गटार उघडंच राहतं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या खड्ड्यांच्या आणि उघड्या मॅनहोलच्या बळींसाठी मृत्यूला ६ लाख, जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवून दिली. ती ६ ते ८ आठवड्यांत द्यायची आणि जबाबदार अधिकारी-कंत्राटदारांकडून वसूल करायची. गोव्याचं उच्च न्यायालयही तेच आहे.

साहेब, सगळ्या पालिकांना एक परिपत्रक काढा. तडजोडीचा विषय विषयपत्रिकेवर आधी छापलेला असावा, दोन महिन्यांत निकाली निघावा. ठरावात अपघाताची जागा, कारण, झालेली दुरुस्ती आणि वसुली कुणाकडून, हे लिहिलेलं असावं. गप्प राहण्याची अट कुणालाही घालू नये.

आईचे पैसे मिळाले. काल बाजारातून आलो. त्या जागी आता लाकडी फळी टाकली आहे, आणि पाऊस तोंडावर आला आहे.

आपला,
बार्देशातील एक नागरिक