रविवारच्या थिअरी वर्गाची आठवण

सर्वांना नमस्कार,

माध्यमिक शाळांतल्या संगीत शिक्षकांसाठीचा थिअरीचा प्रशिक्षण वर्ग येत्या रविवारी सकाळी १० ते १, दादरला नेहमीच्याच ठिकाणी आहे. आठवी ते दहावीला शिकवणाऱ्यांनी शक्यतो चुकवू नका.

या वेळी विषय दहा थाट (रागांचे मूळ गट) आणि भातखंडे स्वरलिपी. मुलं व्याख्या घडाघडा म्हणतात, पण भूप आणि देशकार हे राग त्यांच्या कानाला वेगळे लागत नाहीत. दोन्हींत सा रे ग प ध हेच पाच स्वर. मात्र भूप कल्याण थाटाचा, वादी म्हणजे मुख्य स्वर गंधार. देशकार बिलावलचा, वादी धैवत. हा फरक आधी गाऊन दाखवायचा आणि मगच फळ्यावर मांडायचा, यालाच जास्त वेळ देणार आहोत. माझ्या मते थिअरीची सुरुवात इथूनच व्हायला हवी.

लिपी प्रत्येकाने फळ्यावर लिहायची आहे. कोमल स्वराखालची आडवी रेघ आणि मंद्र (खालच्या) सप्तकातल्या स्वराखालचं टिंब यांत मुलं हमखास गोंधळतात. तीनतालात नवव्या मात्रेची ‘खाली’ (टाळी नसलेली जागा) हाताने कशी दाखवायची, तेही उरकून घेऊ.

विद्यार्थ्यांच्या दोन-तीन वह्या आणा, नावं झाकून. पेटी तिथे आहे. तबला जमेल त्यांनी आणावा. मेगाब्लॉकचं वेळापत्रक शनिवारीच बघून ठेवा. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत ग्रुपवर कळवा, झेरॉक्स त्याच हिशेबाने काढायच्या आहेत.