खुनी आधीच कळला तेव्हा

वाचनालयातल्या काकांना,

सा. न.

तुम्हाला मी आठवणार नाही. आठवीतली, दोन वेण्यांची, रडकुंडीला आलेली मुलगी. तुमच्याकडून नेलेल्या रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर कुणीतरी पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं, ‘खून माळ्याने केला.’ तुम्ही खोडरबर शोधायला लागलात आणि शोधता शोधता ना. सं. इनामदारांची बाजीराव-मस्तानीवरची कादंबरी ‘राऊ’ माझ्यापुढे सरकवलीत. म्हणालात, ‘‘याचा शेवट तर इतिहासाच्या पुस्तकातच आहे. बघ, तरी खाली ठेववतं का.’’

नाही ठेववलं. २८ एप्रिल १७४० ला रावेरखेडीत, नर्मदेकाठी बाजीराव जाणार हे ठाऊक होतं. म्हणून तर शेवटची पानं रेंगाळत वाचली. सावकाश वाचलं तर कदाचित तो दिवस उजाडणारच नाही!

त्याआधी मी बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडावर पोसलेली. एका रात्रीत एक फडशा. रहस्यकथा अजूनही सोडलेली नाही, पण शेवटच्या प्रकरणात अचानक उगवणारा जुळा भाऊ मला चालत नाही. धागे आधी दाखवा, मग खुशाल फसवा. आणि ऐतिहासिक प्रेमकथेत दागिन्यांची यादी सुरू झाली की मी सरळ पान उलटते. (तुम्हाला त्या याद्या आवडायच्या. आपलं यावर कधी जमलंच नाही.) शिवाय ती माणसं एकांतातही दरबारात उभी असल्यासारखी का बोलतात? एकदा तरी कुणी ‘अगं, ऐक ना’ म्हणावं!

मागच्या वर्षी पाबळला मस्तानीची कबर बघायला गेले. बाजीरावामागोमाग तीही गेली. विष घेतलं म्हणतात, हिरकणी गिळली म्हणतात. पक्कं काहीच नाही. तिथे उभी राहून मी अगदी हेरासारखी विचार करत होते: तिला शेवटचं कुणी पाहिलं? रावेरखेडीची बातमी तिला कुणी दिली, कोणत्या शब्दांत? मस्तानीच्या गोष्टीत असे प्रश्न विचारायची खोड मला तुमच्या त्या अदलाबदलीनं लागली.

‘राऊ’ मी तीन आठवडे उशिरा परत केली होती. तुम्ही दंडाच्या रकान्यात शून्य लिहिलंत, तेही न बोलता. त्याचे आभार तेव्हा राहिले होते.

आणि काका, तो माळी खरंच खुनी होता का? ते पुस्तक मी पुरं केलंच नाही.

तुमची,
एक जुनी वर्गणीदार