प्रशिक्षण जहाज गेले, जागा रिकामीच राहिली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील सागरी अकादम्यांची जुनी प्रशिक्षण जहाजे एकामागून एक निरोप घेत असल्याचे वृत्त आपल्या अंकात वाचले. न्यूयॉर्कच्या अकादमीचे ‘एम्पायर स्टेट ६’ हे १९६२ साली मालवाहू म्हणून बांधलेले वाफेवरचे जहाज. २०२३ साली त्याची जागा नव्या जहाजाने घेतली. नव्या जहाजाच्या यंत्रांचे वर्णन वृत्तात भरपूर होते, जुन्याला मात्र एका ओळीत निकालात काढले होते. ती ओळ मला लागली, कारण मी स्वतः ‘राजेंद्र’ या आपल्याकडच्या प्रशिक्षण जहाजावर शिकलो.

आपल्याकडे १९२७ साली ‘डफरिन’ ही मूळची सैन्य वाहून नेणारी बोट मुंबईत प्रशिक्षण जहाज झाली. पुढे नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झालेले अॅडमिरल कटारी तिच्या पहिल्याच तुकडीतले. १९७२ साली ‘डफरिन’च्या जागी ‘राजेंद्र’ आले आणि १९९३ साली ‘राजेंद्र’च्या जागी नेरुळची ‘चाणक्य’ आली. ‘चाणक्य’च्या नावाआधी आजही ‘प्रशिक्षण जहाज’ असे लावतात. प्रत्यक्षात ती किनाऱ्यावरची इमारत आहे.

या बदलाचा खरा तोटा खानदेशासारख्या मुलुखातून जाणाऱ्या मुलांचा झाला, असे माझे मत आहे. मी तापीकाठच्या खेड्यातला. पूर चढला की तो ओसरायला दिवस लागतात, एवढेच पाण्याचे ज्ञान घेऊन मी जळगावला रात्रीच्या गाडीत बसलो होतो. ‘राजेंद्र’वरच्या पहिल्या सकाळी किनाऱ्याकडे काळा चिखल दिसत होता आणि त्यात दोन होड्या कलंडून पडल्या होत्या. पितळ घासून दुपारी वर आलो तर चिखल नाहीसा झालेला आणि त्याच होड्या डुलत होत्या. कोकणातल्या मुलाला भरती-ओहोटी शिकवावी लागत नाही. मला ती त्या कठड्यापाशी उभे राहून कळली, तक्ते नंतर पाठ झाले.

‘राजेंद्र’ गेल्याचे मला परदेशी बंदरात, मित्राच्या पत्रातून कळले. ते जहाज जुने होते, अडचणीचे होते, आणि वर्गखोल्या किनाऱ्यावर अधिक चांगल्या होतात हे मान्य आहे. ‘पुढे कंपनीच्या जहाजावर सराव होतोच की,’ असेही सांगितले जाते. पण तिथे पहिल्या दिवसापासून पाळीचे काम अंगावर पडते, आणि नवख्याने गोंधळावे, चुकावे, पुन्हा विचारावे, एवढी सवड तिथे कोणाला नसते.

अमेरिकेच्या सरकारने जुन्या जहाजांच्या बदल्यात आपल्या अकादम्यांसाठी पाच नवी जहाजे मागवली. एकेकावर सहाशे विद्यार्थी राहू शकतात, आणि आपत्तीच्या वेळी तीच जहाजे मदतकार्याला धावू शकतात. इतका खर्च आपल्याला झेपणार नाही हे मी समजतो. तरीही निवृत्तीला आलेले एखादे मालवाहू जहाज मुंबई बंदरात नांगरून ठेवावे आणि पहिल्या सत्रातले निदान सहा आठवडे नव्या मुलांचा मुक्काम त्यावर असावा, एवढा विचार केंद्रीय बंदरे, नौवहन व जलमार्ग मंत्रालयाने करावा, ही विनंती आपल्या पत्राद्वारे पोहोचावी.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त जहाज अधिकारी,
ता. चोपडा, जि. जळगाव