‘घरात’ की ‘घरांत’?

मा. संपादक,

स.न.वि.वि.

दहावीच्या मुलांचे मराठी लेखन कच्चे आहे, ही ओरड गोव्यात दरवर्षी होते आणि खापर मोबाइलवर फुटते. मोबाइलचा वाटा आहेच. ‘ऱ्या’ कळफलकावर सहज सापडत नाही म्हणून ‘दुसर्या’ लिहिले जाते, मग दऱ्याखोऱ्यांतल्या ‘दऱ्या’ आणि मिरामारचा ‘दर्या’ एकच होऊन बसतात. पण मुलांच्या वह्या नीट चाळल्या तर निम्मे दुखणे वेगळेच निघते.

आपल्याकडे एकाच देवनागरीत मूल दोन भाषा लिहिते आणि दोन्हींचे लेखननियम वेगळे आहेत. कोकणीत एका घराबद्दलही ‘घरांत’ लिहितात. मराठीत ‘घरात’ म्हणजे एका घरात आणि ‘घरांत’ म्हणजे अनेक घरांत. कोकणीचे ‘आनी’ मराठीत ‘आणि’ होते, ‘नांव’चे ‘नाव’, ‘पावस’चा ‘पाऊस’. कोकणीत लहान मुलीला नपुंसकलिंगी ‘तें’ म्हणतात, म्हणून ‘माझी बहीण शाळेत गेले’ असे वाक्य वहीत उतरते. हे मूल आळशी नसते. त्याने नियम बरोबर पाळलेला असतो, फक्त वही मराठीची असते. शिक्षक तांबड्या शाईने गोल करतात, वर ‘शुद्धलेखन सुधारा’ असा शेरा मारतात. काय सुधारायचे ते मात्र कोणी सांगत नाही.

कारण बऱ्याचदा सांगणाऱ्यालाच ते ठाऊक नसते. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ मध्ये आले, १९७२ मध्ये त्यांत ४ वाढले. हे अठरा नियम चार पानांत मावतात. तरी शाळांच्या फलकांवर ‘हार्दीक शुभेच्या’, ‘आर्शिवाद’, ‘पारितोषीक’, ‘महत्व’ सर्रास दिसतात. ‘महत्’ला ‘त्व’ जोडले की दोन ‘त’ येणारच, एवढे एकदा फळ्यावर फोडून दाखवले तर ‘तत्त्व’ही आपोआप सुटते. ‘विहीर’चे ‘विहिरीला’ होते, मग ‘शरीर’चे ‘शरीराला’ का, असे पाचवीतल्या मुलीने विचारले तर उत्तर तयार हवे: तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेल्या, शब्दातला शेवटून दुसरा दीर्घ ‘ई’ वा ‘ऊ’ सामान्यरूपात (प्रत्ययापूर्वीच्या रूपात) तसाच राहतो, मराठी शब्दातला ऱ्हस्व होतो. म्हणून ‘फूल’ पण ‘फुलाला’, आणि ‘सूत्र’चे मात्र ‘सूत्राला’.

उपाय जुनाच आहे, श्रुतलेखन. पण ते नीट व्हायला हवे. चौथीला साठ-सत्तर शब्दांचा उतारा पुरे. पहिल्यांदा तो नुसता ऐकवावा, मुलांनी पेन्सिल खाली ठेवावी. दुसऱ्यांदा तीन-चार शब्दांचे तुकडे पाडून सावकाश सांगावा. तिसऱ्यांदा विरामचिन्हांसह सलग वाचावा. मग मूळ उतारा फळ्यावर उघडून मुलानेच आपली वही ताडून पाहावी. आठवड्याला एकच नियम घ्यावा आणि त्या आठवड्यात तेवढीच चूक मोजावी. पंधरा चुका एकदम तांबड्या केल्या की मूल एकही पाहत नाही. दुसरी मोठी चूक म्हणजे शिक्षकांनी कोकणीचे नावच न काढणे. फळ्याच्या मधोमध रेघ मारून डावीकडे कोकणी रूप, उजवीकडे मराठी रूप लिहिले, तर ‘घरांत’चा घोळ आठवड्याभरात कमी होतो, शिवाय कोणत्याच भाषेला कमीपणा येत नाही. (कोकणी की मराठी, या राजभाषेच्या वादात शिरायचे नाही, ते काम करणारे पुष्कळ आहेत.)

निबंधाचे तर विचारू नका. ‘माझा आवडता ऋतू’ गाइडातून पाठ होतो आणि जसाच्या तसा उतरतो. त्याऐवजी ‘चवथीला माटोळीला (गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीला) काय काय बांधले ते आठ वाक्यांत लिहा’ असे सांगितले तर गाइडाचा इलाज चालत नाही. वहीचे डावे पान कच्च्या लेखनाला आणि उजवे फेरलेखनाला ठेवावे. तीस वह्या प्रत्येकी पाच मिनिटे म्हटल्या तर अडीच तास झाले, तेवढा वेळ कुठल्याच शिक्षकाकडे नसतो, म्हणून नुसती टिकमार्क पडते. रोज सहाच वह्या घ्याव्यात, शुक्रवारपर्यंत वर्ग पुरा होतो.

शिक्षकांसाठीही हाच मार्ग आहे. तालुक्याच्या बैठकीत भाषणे ऐकण्याऐवजी पहिली पंधरा मिनिटे सर्वांनी श्रुतलेखन करावे. वही ज्याची त्याने तपासावी, गुण कुणाला दाखवू नयेत. शिक्षकभरतीत उमेदवाराकडून अर्ध्या तासात दीडशे शब्दांचे एक निवेदन हाताने लिहून घ्यावे, विषय त्याच वेळी द्यावा, आणि शाळेत लावायची सूचना फलकावर जाण्यापूर्वी दुसऱ्या शिक्षकाने वाचलीच पाहिजे, असा दंडक मुख्याध्यापकांनी येत्या जूनपासून घालावा.

आपले,
प्राथमिक मराठी शाळांतील काही निवृत्त शिक्षक,
डिचोली